सर्पगंधेचं मूळ, पडलेले ससे आणि कंपवाताची गोळी: मेंदूतल्या ‘कुलपां’चा शोध कसा लागला?

गावातली दोन घरं डोळ्यापुढं आणा.

पहिल्या घरात सत्तरीचे आजोबा ओट्यावर बसलेत. हात मांडीवर निवांत आहे, तरी अंगठा आणि बोट सारखं हलतंय, तळहातावर तंबाखू मळावी तसं. चालताना पाय घासत जातात. सदऱ्याची गुंडी लावायला पाच मिनिटं लागतात. बँकेत सही जुळत नाही, कारण अक्षर बारीक बारीक होत चाललंय. घरचे म्हणतात, वय झालं, आता असं व्हायचंच.

दुसऱ्या घरात पंचविशीचा पोरगा आहे. रात्र रात्र झोपत नाही. कोणी नसताना कोणाशी तरी बोलतो. भावकीतले लोक आपल्या वाईटावर आहेत, मोबाईलमधून आपल्यावर नजर ठेवतात, असं म्हणतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. मग देवऋषी, अंगारा, उतारा, लांबच्या लांब फेऱ्या.

वरून पाहिलं तर या दोन घरांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही आजारांच्या औषधांचा माग काढत गेलं की माणूस एकाच जागी पोचतो. ती जागा म्हणजे डोपामिन नावाचं मेंदूतलं एक रसायन आणि ते जिथं काम करतं ते ‘रिसेप्टर’. हा माग ज्यांनी दाखवला ते स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ अरविद कार्लसन. नाव ऐकायला आपल्याकडच्यासारखं वाटतं, पण माणूस स्वीडनचाच. आणि त्यांच्या संशोधनाची सुरुवात ज्या औषधापासून झाली, ते मात्र आपल्याच मातीतल्या एका वनस्पतीतून निघालेलं होतं.

सुरुवात सर्पगंधेपासून

सर्पगंधा हे झुडूप आपल्याकडच्या जंगलात उगवतं. तिचं मूळ वैद्य लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. बिहारकडे तर तिला ‘पागल की दवा’ असं नावच पडलं होतं. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडाच्या आजारावर उपयोग होतो, असं लिहून प्रसिद्ध केलं. पुढं १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले अनुभव इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. मग जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं.

१९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून नेमका काम करणारा घटक वेगळा काढला. त्याचं नाव रेसर्पिन. रक्तदाबासाठी आणि खवळलेल्या मनोरुग्णांना शांत करण्यासाठी त्याच्या गोळ्या सुरू झाल्या.

गुण येत होता, पण एक वेगळीच गोष्ट डॉक्टरांच्या नजरेत आली. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण संथ व्हायचे. अंग ताठायचं, हात थरथरायचे, थेट कंपवाताच्या माणसासारखे. काही जण उदास व्हायचे. औषध बंद केलं की हे हळूहळू जायचं. म्हणजे एक रसायन पोटात गेल्यानं माणसाची चाल बदलत होती, वागणंही बदलत होतं. असं का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

ससे पडले, ससे उठले

अरविद कार्लसन यांचा जन्म १९२३ चा, स्वीडनच्या उप्साला शहरातला. वडील इतिहासाचे प्राध्यापक. अरविद मात्र डॉक्टरकीकडे वळले आणि लुंड विद्यापीठात औषधशास्त्र शिकवू लागले. १९५५ मध्ये ते काही महिने अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं नुकतंच कळलं होतं, की रेसर्पिन दिलं की मेंदूतला सेरोटोनिन नावाच्या रसायनाचा साठा रिकामा होतो.

लुंडला परत आल्यावर कार्लसन यांनी विचार केला, की फक्त सेरोटोनिनच कशाला, दुसरेही साठे रिकामे होत असतील. सहकाऱ्यांबरोबर तपासलं, तर तसंच निघालं. कणगी फोडल्यावर ज्वारीही जाते आणि शेजारचा गहूही जातो, तसा प्रकार होता.

आता खरा प्रश्न असा, की नेमकं काय रिकामं झाल्यानं अंग गळून पडतं? १९५७ मध्ये त्यांनी सशांना आणि उंदरांना रेसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. कान खाली, हालचाल नाही, ढकललं तरी उठायचं नाव नाही. मग त्यांनी सेरोटोनिन ज्यापासून बनतं तो कच्चा माल टोचून पाहिला. काही फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी ‘डोपा’ नावाचा वेगळा कच्चा माल टोचला. थोड्याच वेळात ससे उठले, इकडंतिकडं फिरायला लागले.

डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होतं. तोवर डोपामिनला कोणी किंमत देत नव्हतं. ते दुसरं रसायन बनवताना मधे तयार होणारं काहीतरी आहे, एवढंच समजलं जायचं. उसापासून साखर करताना मळी निघते, आणि मळीला जसं सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं, तसंच. कार्लसन यांनी १९५८ मध्ये मेंदूतलं डोपामिन मोजायची पद्धत बसवली आणि दाखवून दिलं, की ते मेंदूत मुळातच असतं, रेसर्पिननं ते जातं आणि डोपानं परत येतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधकांनी दाखवलं, की हे डोपामिन मेंदूत सगळीकडे सारखं पसरलेलं नाही. शरीराची हालचाल सांभाळणाऱ्या मधल्या भागात ते सगळ्यात जास्त असतं.

मग धागा जुळला. डोपामिन गेलं की हालचाल जाते. मग कंपवातात तेच होत असेल का?

मोठ्यांना पटलं नाही

हे सगळं ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील असं वाटेल. पण तसं झालं नाही. १९६० साली लंडनमध्ये या विषयातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांची बैठक झाली. तिथं बहुतेकांनी कार्लसन यांचं म्हणणं मान्य केलं नाही. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेनं बोलतात, रसायनानं नाही, असा त्या काळी अनेकांचा समज होता.

पण त्याच वर्षी ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात एरिंगर आणि हॉर्निकिविझ या दोघांनी कंपवातानं वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. त्यांच्यात डोपामिन फारच कमी भरलं. १९६१ मध्ये हॉर्निकिविझ आणि त्यांचे सहकारी डॉक्टर बर्कमायर यांनी कंपवाताच्या रुग्णांना शिरेतून डोपा दिलं. अंथरुणाला खिळलेली माणसं थोडा वेळ का होईना उठली, चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे थोड्या डोसनं सुरुवात करून तो हळूहळू वाढवला, आणि गुण टिकू लागला.

आज तालुक्याच्या मेडिकलमध्ये कंपवातासाठी मिळणारी लेव्होडोपाची गोळी ती हीच. साठ वर्षं होत आली, तरी कंपवाताच्या उपचारात मुख्य आधार तिचाच आहे.

डोपामिनच का देत नाहीत?

कोणालाही प्रश्न पडेल, की डोपामिन कमी आहे तर डोपामिनचीच गोळी द्या की. डोपा कशाला?

त्याचं कारण सोपं आहे. मेंदूला एक वेस आहे. रक्तातून येणारी प्रत्येक गोष्ट ती आत सोडत नाही. डोपामिनला ती अडवते, डोपाला मात्र आत जाऊ देते. म्हणून कच्चा माल वेशीतून आत न्यायचा आणि गूळ आतल्या गुऱ्हाळात करायचा. पण रक्तातच, म्हणजे वाटेतच, बराच डोपा डोपामिन होऊन बसतो. तो मेंदूत जात नाही आणि वर मळमळ, उलट्या होतात. त्यासाठी लेव्होडोपासोबत कार्बिडोपा नावाचं दुसरं औषध त्याच गोळीत घालतात. ते वाटेतलं रूपांतर रोखतं. गोळीच्या पाकिटावर दोन नावं का असतात, त्याचं उत्तर हे.

रिसेप्टर म्हणजे काय?

आता दुसऱ्या घराकडे, म्हणजे त्या पंचविशीतल्या पोराकडे येऊ.

मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. दोन पेशींच्या मधे अगदी बारीक फट असते. निरोप द्यायचा झाला की एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि समोरच्या पेशीच्या अंगावरच्या ‘कुलपा’त ते जाऊन बसतं. किल्ली बसली, फिरली, की समोरच्या पेशीला निरोप मिळाला. या कुलपाला रिसेप्टर म्हणतात. डोपामिनची कुलपं वेगळी, सेरोटोनिनची वेगळी.

१९५२ पासून पॅरिसमध्ये आणि मग सगळीकडे क्लोरप्रोमाझिन हे औषध भास होणाऱ्या, भ्रमात असणाऱ्या रुग्णांना देत होते. गुण येत होता. पुढं हॅलोपेरिडॉल आलं. पण ही औषधं मेंदूत काय करतात ते माहीत नव्हतं. रेसर्पिनसारखं साठा रिकामा करत असतील म्हणावं, तर तपासल्यावर साठा भरलेलाच निघायचा.

१९६३ मध्ये कार्लसन आणि त्यांच्या सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांना ही औषधं दिली आणि साठ्याबरोबर डोपामिन वापरून झाल्यावर उरणारा चोथाही मोजला. साठा तेवढाच, पण चोथा वाढलेला. याचा अर्थ डोपामिन नेहमीपेक्षा जास्त सोडलं जात होतं. मग उंदीर सुस्त का?

त्यांनी अर्थ लावला तो असा. औषध कुलपात जाऊन बसतं, पण फिरत नाही. खरी किल्ली आली तरी तिला जागा नाही. निरोप पोचतच नाही. मग मागची पेशी आणखी रसायन सोडते. कॅनॉलच्या टेलला पाणी पोचत नाही, ओरड होते, म्हणून वरून आणखी पाणी सोडतात. पण मधलं दार बंद असेल तर कितीही सोडलं तरी टेल कोरडीच राहणार. हे अगदी तसंच आहे.

तेव्हा रिसेप्टर कोणी पाहिलेला नव्हता. हा नुसत्या मोजमापावरून काढलेला अंदाज होता. १९७० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी औषध खरंच डोपामिनच्या रिसेप्टरला चिकटतं हे मोजून दाखवलं, आणि अंदाज खरा ठरला.

२००० साली कार्लसन यांना पॉल ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा ते ७७ वर्षांचे होते. २०१८ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते वारले.

यातून आपल्या घराला काय कळतं?

हा सगळा इतिहास जुना असला, तरी त्यातली एकेक गोष्ट आजच्या गोळीच्या पाकिटाशी जोडलेली आहे.

एक: भास होणं, कानात आवाज येणं, विनाकारण संशय हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड असू शकतो. त्यात त्या पोराचा, त्याच्या आईच्या वळणाचा किंवा कोणाच्या करणीचा दोष नाही. डोपामिनच्या कुलपावर काम करणारं औषध दिलं की अनेकांचे आवाज कमी होतात. करणी असती तर गोळीनं कमी झाली असती का? भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीनं बांधणं, मारणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

दोन: मानसिक आजाराच्या काही गोळ्या घेताना हात थरथरतात, अंग जड होतं. आता कारण समजेल. डोपामिनचं कुलूप वागण्याच्या भागातही आहे आणि हालचालीच्या भागातही. गोळी दोन्हीकडे बसते. गावात लोक हेच बघून म्हणतात, “गोळ्यांनी पोरगं पार दगड झालं, बंद करा.” आणि घरचे बंद करतात. काही आठवडे बरं वाटतं, मग आजार उलटतो, कधी कधी आधीपेक्षा जोरात. थरथर सुरू झाली तर डॉक्टरला सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, थरथरीवरची वेगळी गोळी देता येते. बंद करायचा निर्णय मात्र घरात बसून घ्यायचा नाही.

तीन: कंपवाताची गोळी तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे. अंग ताठून, ताप येऊन जिवावर बेतू शकतं. गावाला जाताना, लग्नाला जाताना, पंढरीच्या वारीला जाताना गोळ्या आधी पिशवीत टाकाव्यात आणि मोजून टाकाव्यात.

चार: गोळीची वेळ महत्त्वाची आहे. डाळ, दूध, अंडी, मटण यातली प्रथिनं आणि लेव्होडोपा शरीरात एकाच दारातून आत जातात. दोघं एका वेळी आले की दारात गर्दी होते आणि गोळीचा गुण कमी येतो. म्हणून गोळी जेवणाआधी किती वेळ घ्यायची, ते डॉक्टरला विचारून तशीच पाळावी.

पाच: उलटी थांबवायचं मेटोक्लोप्रमाइड हे औषध डोपामिनचंच कुलूप बंद करतं. कंपवाताच्या माणसाला ते दिलं तर थरथर आणि ताठरपणा वाढू शकतो. म्हणून उलट्या झाल्या आणि दवाखान्यात सुई घ्यायची वेळ आली, तर “यांना कंपवात आहे, या गोळ्या चालू आहेत,” हे डॉक्टरनं विचारायच्या आधी सांगायचं. चालू गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवला, तर तेवढं काम भागतं.

सहा: कंपवातावर डोपामिनचं कुलूप थेट उघडणाऱ्याही काही गोळ्या आहेत, उदाहरणार्थ प्रामिपेक्सोल. त्या घेताना काही माणसांना जुगाराचा, खरेदीचा किंवा खाण्याचा अनावर नाद लागतो. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेला माणूस म्हातारपणी मटका किंवा ऑनलाइन रमी खेळू लागला, तर घरचे म्हणणार बुद्धी फिरली. तो गोळीचा परिणाम असू शकतो आणि गोळी बदलली की तो जाऊ शकतो. लाजून लपवू नये, डॉक्टरला सांगावं.

खाजकुइरीचं काय?

शेताच्या बांधावर, जंगलाच्या कडेला खाजकुइरीचा वेल सगळ्यांनी पाहिलेला आहे. शेंगेच्या कुसाची खाज ज्यानं सोसली तो विसरत नाही. या वेलाच्या बियांत खरोखरच डोपा असतो. मद्रासच्या शास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच तो बियांतून वेगळा काढला होता, म्हणजे कार्लसन यांच्या सशांच्या वीस वर्षं आधी.

म्हणून काही जण मोबाईलवर बघून बियांची पावडर सुरू करतात. इथंच चूक होते. कोणत्या बीत किती डोपा आहे, ते सारखं नसतं. गोळी चालू असताना वर पावडर घेतली तर डोस दुप्पट होऊ शकतो. मग उलट्या, रक्तदाब एकदम खाली जाणं, अंग आपोआप वळवळणं, नाही ते भास होणं, असं सगळं मागं लागतं. झाडातलं आहे म्हणून निर्धोक, असं नसतं. सर्पगंधाही झाडातलीच होती, आणि तिनंच सशांना पाडलं होतं.

गोळीनं सगळं बरं होतं का?

नाही, हेही सरळ सांगायला हवं. लेव्होडोपा कंपवात मुळातून घालवत नाही. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, ते थांबत नाही. काही वर्षांनी गोळीचा परिणाम लवकर उतरतो, मग डोस आणि वेळा बदलाव्या लागतात. पण तोवरची बरीच वर्षं माणूस स्वतःच्या पायावर चालतो, स्वतःच्या हातानं जेवतो, शेतात चक्कर मारून येतो. घरातल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको.

शिवाय हात थरथरतो म्हणजे कंपवातच, असंही नाही. थायरॉईड, दारू, दुसरी औषधं, नुसती आनुवंशिक थरथर, अशी कारणं असतात. ते तपासूनच ठरतं. “वय झालं” म्हणून सोडून देणं आणि ऐकीव औषध देणं, दोन्हीत वेळ जातो.

कुठं जायचं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा ग्रामीण रुग्णालयापासून करा. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवतात. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे. नंबर १४४१६. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, त्रास कधी सुरू झाला त्याची तारीख, आणि रोज सोबत राहणारं घरातलं एक माणूस. कंपवाताच्या माणसाचा मोबाईलवर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ नेला तर आणखी बरं. डॉक्टरपुढं गेल्यावर माणूस कधी कधी नेमका बरा चालतो, आणि घरी आला की पुन्हा पाय घासतो.